कसारा आणि थळघाट : उठाव नकाशाच्या कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५

माझे मामा कसारा स्थानकात पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते आणि लहानपणी प्रत्येक मे महिन्यात आम्ही भावंडे कळव्याहून त्यांच्या क्वार्टरवर राहायला जात असू. त्या भागातील एका शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीने गेल्या महिन्यात विचारले, ‘मुलांना गावाचा भूगोल हाताने चाचपता येईल असे काही करून देशील का?’ २६ जानेवारीपर्यंत कसारा आणि थळघाट, म्हणजे कसारा ते इगतपुरी हा घाट, यांचा उठाव नकाशा करून देण्याचे मी कबूल केले. असेच काम दुसऱ्या कोणी आपल्या गावासाठी हाती घेतल्यास त्यांचे पैसे आणि रविवार वाचावेत म्हणून या नोंदी ठेवत आहे.

नकाशाची पश्चिम कड कसाऱ्याच्या थोडी अलीकडे आणि पूर्व कड इगतपुरीच्या थोडी पलीकडे, म्हणजे साधारण १४ किलोमीटर लांब आणि ९ किलोमीटर रुंद असा प्रदेश घ्यायचे ठरवले. १:२०,००० प्रमाणाने त्याचा फलक ७० सेंटीमीटर बाय ४५ सेंटीमीटर होतो. तो लोकलमधून नेता आला पाहिजे, ही या आकारामागची खरी अट होती. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावरून उतरवून घेतले. जुन्या क्रमांकपद्धतीने पाहिल्यास कसारा ४७ ई/६ या पत्रकावर येते आणि इगतपुरी ४७ ई/१० या पत्रकावर. दोन्ही पत्रकांचा सांधा ७३ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावर, म्हणजे नेमका घाटाच्या मधोमध पडतो. ही गोष्ट पुढे महागात पडणार आहे, हे आज लक्षात आले नाही.

२६ ऑक्टोबर २०२५

नकाशावरच्या समोच्चरेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, धरून सनबोर्डाचे (हलक्या फोमशीटचे) थर कापायचे आणि एकावर एक रचायचे, अशी या कामाची पद्धत. दिवाळीचे चार दिवस कापाकापीत गेले आणि त्यातील बहुतेक काम वाया गेले.

१:५०,००० चा नकाशा १:२०,००० करण्यासाठी छपाई अडीचशे टक्के मोठी करावी लागते. एका पत्रकाची छपाई ठाणे स्थानकाजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे केली आणि दुसऱ्याची कळव्यातील दुसऱ्याकडे, कारण पहिल्याचे दुकान दिवाळीसाठी बंद झाले होते. त्यांपैकी एका ठिकाणी ‘पानात बसवा’ ही खूण यंत्रावर तशीच राहिलेली असल्याने नकाशा ९६ टक्क्यांवर छापला गेला. ते तिथल्या तिथे कळावे अशी सोय नकाशावरच असते. तळाशी प्रमाणपट्टी छापलेली असते आणि तिच्यावरचा १ किलोमीटर माझ्या छपाईत बरोबर ५ सेंटीमीटर भरायला हवा होता. पण कागद वाचवण्याच्या नादात मी ती पट्टी कातरूनच फाइल दिली होती. चार थर कापून झाल्यावर दोन पत्रके शेजारी ठेवली, तेव्हा वरच्या कडेला जुळलेल्या समोच्चरेषा खालच्या कडेपर्यंत जाताना पावणेदोन सेंटीमीटरने सरकलेल्या दिसल्या. डोंगराला मधोमध भेग पडल्यासारखे ते दृश्य होते.

दोन्ही पत्रके एकाच ठिकाणी, एकाच वेळी, प्रमाणपट्टीसह पुन्हा छापून घेतली. पहिल्या छपाईचे २४० रुपये गेले आणि सनबोर्डाचे चार तुकडे मोडीत निघाले.

९ नोव्हेंबर २०२५

उंचीचे प्रमाण ठरवताना दोनदा मत बदलले. सर्वेक्षणाच्या या नकाशांवर दर २० मीटरला समोच्चरेषा असते आणि बाजारात ३ मिलिमीटरचा सनबोर्ड सहज मिळतो. म्हणून प्रत्येक रेषेला एक थर असे धरले तर उंची प्रत्यक्षाच्या तिप्पट दिसते. सहा थर रचून पाहिले, तर कसाऱ्यामागचा डोंगर गिरगावातल्या जुन्या चाळीच्या जिन्यासारखा उभा दिसू लागला. एक सोडून एक रेषा घेतली, म्हणजे दर ४० मीटरला ३ मिलिमीटर, तेव्हा उंची दीडपटच वाढली आणि डोंगर ओळखीचा वाटला. एकूण १७ थर झाले.

कापण्यासाठी साधा कटर पुरतो, मात्र प्रत्येक दोन थरांनंतर पाते मोडून नवे टोक काढावे. बोथट पात्याने सनबोर्ड कापला जात नाही, फाटतो. सनबोर्ड वाचवण्यासाठी वरचे थर सलग न ठेवता बांगडीसारखे पोकळ कापले आणि आत थर्माकोलचे तुकडे भरले. ही काटकसरही पुढे अंगाशी आली.

थर रचताना एक गोष्ट नजरेत भरली, ती मुलांसाठी फलकावर लिहिणार आहे. कसाऱ्याच्या बाजूला पडणारे पाणी भातसेतून काळू आणि उल्हास या नद्यांमार्गे अरबी समुद्रात जाते, तर माथ्यापलीकडे इगतपुरीकडचे पाणी दारणेतून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. नकाशावर या दोन पाण्यांमध्ये बोटभर अंतर आहे.

२३ नोव्हेंबर २०२५

आजची नोंद सर्वांत मोठ्या चुकीची आहे.

थळघाटातील रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना १ मीटर वर जायचे, हे कसाऱ्यात वाढलेल्या कोणत्याही पोराला पाठ असते. मीही त्याच आकड्यावर विसंबले. घाटमार्गाची जुनी लांबी सव्वानऊ मैलांच्या थोडी वर, म्हणजे सुमारे १५ किलोमीटर धरली आणि माउंटबोर्डाची (जाड पुठ्ठ्याची) ७५ सेंटीमीटर लांबीची अरुंद पट्टी कापून तिला दर ५ सेंटीमीटरला २ मिलिमीटर उंची दिली. टाचण्यांवर ती पट्टी कसाऱ्यापासून चढवत नेली आणि इगतपुरीला पोहोचले, तर रूळ स्थानकाच्या जमिनीपासून ८ मिलिमीटर अधांतरी! प्रत्यक्षात ते अंतर शंभर मीटरांहून अधिक होते.

दोन तास मी थरांमध्ये चूक शोधत राहिले. चूक थरांत नव्हती. ३७ ला १ हा सर्वांत तीव्र चढ आहे, सरासरी चढ नव्हे. या घाटात गाडी एकूण ९७२ फूट, म्हणजे २९६ मीटर चढते. १५ किलोमीटरला २९६ मीटर म्हणजे सरासरी ५० ला १. मार्गात कुठे चढ सौम्य आहे आणि कुठे तीव्र, हे माझ्या एकसारख्या पट्टीत नव्हतेच. उपाय साधा निघाला: लोहमार्ग नकाशावर ज्या ज्या ठिकाणी माझ्या समोच्चरेषा ओलांडतो, त्या ३२० पासून ५६० मीटरपर्यंतच्या सात जागी पट्टी त्या थराला टेकवली आणि मधला भाग आपोआप पडेल तसा पडू दिला. ज्यांना आपल्या गावचा घाट करायचा असेल त्यांनी प्रसिद्ध आकड्यावर जाऊ नये; प्रसिद्ध आकडा नेहमी टोकाचा असतो.

मूळ मार्गावर १३ बोगदे होते. या प्रमाणात बोगदा म्हणजे काळ्या रंगाचा ठिपका. ते टाचणीच्या डोक्याने उमटवले. याच मार्गावरचा एहेगावचा रेल्वेपूल मात्र ठिपक्यावर सोडवेना. दरीच्या तळापासून १८२ फूट उंच आणि ७५० फूट लांब असा हा पूल माझ्या नकाशावर ११ मिलिमीटर लांब आणि ४ मिलिमीटर उंच झाला. मामेभावाने तो पाहून विचारले, ‘हा टूथपिकचा तुकडा इथे कशाला पडलाय?’ तेव्हा तो नकाशावर तसाच ठेवून शेजारी १:१,००० प्रमाणाची वेगळी प्रतिकृती करायचे ठरवले. ती २३ सेंटीमीटर लांब आणि साडेपाच सेंटीमीटर उंच होते आणि तिच्याखाली मुलांना बोट घालता येते.

७ डिसेंबर २०२५

घाटात अनेक वर्षे गाड्या चालवून निवृत्त झालेले एक काका कल्याणला राहतात. त्यांना फलकाची छायाचित्रे दाखवायला गेले होते. त्यांनी चष्मा पुसला, फोनवर चित्र मोठे केले आणि पहिल्याच मिनिटाला म्हणाले, “अगं, बाण उलटे काढलेस.”

मी घाट चढणाऱ्या मार्गाला ‘अप’ आणि उतरणाऱ्या मार्गाला ‘डाउन’ असे लिहिले होते. “डाउन म्हणजे मुंबईपासून लांब जाणारी. डोंगराशी तिचं काय देणंघेणं? आम्ही आयुष्यभर डाउन गाडी घेऊन वर चढलो,” ते म्हणाले. घाटात डाउन, मिडल आणि अप असे तीन मार्ग आहेत, तेही मी दोनच दाखवले होते. खरे तर मामांच्या तोंडी हे शब्द लहानपणी रोज ऐकले होते, तरीही लिहिताना शब्दाचा वरवरचा अर्थच हातात आला, याची लाज वाटली.

बँकरविषयी त्यांनी सांगितलेले फलकावर जसेच्या तसे घेणार आहे. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात आणि ती इगतपुरीपर्यंत गाडी ढकलत नेतात. पुढेच सगळी इंजिने जोडून ओढले तर चढावर डब्यांमधल्या कपलिंगवर सारा भार येतो. मागून ढकलल्याने तो वाटला जातो आणि एखादे कपलिंग तुटलेच तर मागचे डबे उतारावरून मागे पळत नाहीत. उतरणाऱ्या गाडीसाठी कॅच साइडिंग असते. गाडी ताब्यात असल्याची खात्री पटेपर्यंत तिला मुख्य मार्ग मिळत नाही, आणि ब्रेक न लागलेली गाडी उलट्या चढाच्या त्या आडमार्गावर जाऊन थांबते. ती साइडिंग मी बांधकाम अर्धवट सोडलेला रूळ समजून वगळली होती.

आणखी एक दुरुस्ती. स्थानकाजवळ मी कोळशाचा ढीग काढला होता, कारण जुनी रेल्वे म्हणजे धूर हे चित्र डोक्यात पक्के असते. काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या आधीच्या पिढीनेही या घाटात बँकरला वाफेचे इंजिन क्वचितच पाहिले असेल. ते खरे आहे. कल्याण ते इगतपुरी हा मार्ग १९३० च्या सुमारासच विजेवर आला होता. त्या काळी आलेल्या विजेच्या मालगाडी इंजिनांना सगळे ‘खेकडा’ म्हणत, कारण चाकांना जोडलेल्या दांड्यांमुळे त्यांची चाल वेगळीच दिसे आणि आवाजही कण्हल्यासारखा येई. कोळशाचा ढीग खरवडून काढला आणि जागेवर एक छोटा, तांबूस रंगाचा खेकडा बसवला.

२१ डिसेंबर २०२५

रंगकाम. डोंगरांना आधी पीओपीचा पातळ थर दिला होता, तो दोन दिवसांत सुकताना थरांच्या कडांवर तडकला. तो खरवडून वर्तमानपत्राचे तुकडे फेव्हिकॉल आणि पाण्यात भिजवून चिकटवले, ते टिकले. नंतर घाई करून फवाऱ्याच्या डब्याने हिरवा रंग मारला. रंगातील द्रावण फटींतून आत झिरपले आणि आतले थर्माकोल विरघळले. इगतपुरीचे पठार माझ्या डोळ्यांदेखत खाली बसले. तो भाग उघडून सनबोर्डाच्या उरलेल्या तुकड्यांचे टेकू आत लावले आणि बाकी रंग ब्रशने, पोस्टर कलरने दिला. सह्याद्रीच्या काळ्या कातळासाठी नुसता काळा रंग वापरू नये. त्यात थोडा तांबडा मिसळल्यावरच तो बेसॉल्टसारखा दिसतो.

४ जानेवारी २०२६

नकाशा जवळजवळ पुरा झाला आणि त्यात कसारा नाही, हे आज मैत्रिणीने दाखवून दिले.

तिचे म्हणणे बरोबर होते. डोंगर, दऱ्या, बोगदे सारे उठून दिसते. पण गाव, स्थानक, यार्ड आणि क्वार्टर्स ही सगळी वस्ती २८० आणि ३२० मीटरच्या दोन रेषांमध्ये, एकाच सपाट थरावर, अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत बसली आहे. उठाव नकाशात सपाट जागा दिसत नाही, आणि हे गाव मुळात सपाट जागेमुळे झाले.

म्हणून इतिहास नव्याने मांडायला बसले. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे सर्वांना ठाऊक असते. १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली, १ ऑक्टोबर १८५५ रोजी वासिंदला, ६ फेब्रुवारी १८६० रोजी आसनगावला आणि १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्याला. पुढे घाट पुरा होऊन इगतपुरीपर्यंत गाडी जायला १ जानेवारी १८६५ उजाडला. म्हणजे चार वर्षे रूळ कसाऱ्याला संपत होते आणि पुढचा घाट मुंबई–आग्रा रस्त्याने चढावा लागत होता. मी आधी फलकावर लिहिले होते की या चार वर्षांच्या मुक्कामामुळे रेल्वेचे कसारा उभे राहिले. पण मग वासिंदचे काय? तेथे तर रूळ चार वर्षांहून अधिक काळ अडले होते. वासिंद आज मोठे गाव आहे, तरी त्याला कोणी रेल्वेचे गाव म्हणत नाही. आसनगावलाही वर्षभर शेवटचे स्थानक होण्याचा मान होता, त्याचीही खूण उरली नाही. रूळ पुढे सरकल्यावर तिथे गाडीला थांबण्याचे कारण संपले. कसाऱ्याचे कारण संपले नाही. मागून इंजिन लावल्याशिवाय जड गाडी वर जाऊ शकत नाही, म्हणून इंजिन चालवणारे, जोडणारे, सांधे बदलणारे आणि रुळांची निगा राखणारे गँगमन हे सगळे पायथ्याला राहावे लागतात. पहिले वाक्य खोडून ही तुलना लिहिली.

इगतपुरीचेही याच्याशी नाते आहे. मुंबईकडची १५०० व्होल्ट डीसी वीज इगतपुरीपर्यंत आणि पलीकडे २५,००० व्होल्ट एसी, अशी विभागणी होती तोवर गाड्यांचे इंजिन तिथे बदलावे लागे. या शतकात अलीकडचा मार्गही एसीवर आला आणि ते बदलणे सुटले. चढ मात्र कोणत्याही विजेने बदलत नाही, त्यामुळे कसाऱ्याचा बँकर राहिला.

गावासाठी १:२,००० प्रमाणाचा वेगळा सपाट नकाशा हाताने काढायचे ठरले. अंतरे पावलांनी मोजली आणि तीही फक्त सार्वजनिक रस्ता आणि पादचारी पूल यांवरून. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि मामांच्या शिकवणीनुसार तो गुन्हा नसता तरी मूर्खपणाच आहे. यार्डातील आकार उपग्रहचित्रावरून घेतले.

१८ जानेवारी २०२६

मामांच्या क्वार्टरची जागा गावाच्या नकाशावर लावताना अडले. माझ्या आठवणीत दारातून बँकर उभे असलेले दिसत आणि मागच्या बाजूला करवंदाची जाळी होती. मामेभावाच्या आठवणीत जाळी पुढे होती. मामींना फोन केला. त्या म्हणाल्या, “जाळी दोन्हीकडे होती, पण पुढची तुम्हीच पोरांनी खाऊन खाऊन ओरबाडली.” दोन्हीकडे हिरवा ठिपका दिला. क्वार्टरवर तारीख घातली नाही. ज्या इमारतीचे वर्ष लेखी सापडले नाही तिला वर्ष द्यायचे नाही, हा नियम पहिल्यापासून पाळला आहे आणि त्यामुळे अर्ध्याहून अधिक इमारती वर्षाविना आहेत.

रस्त्यांत जुना कसारा घाट, नवा कसारा घाट आणि ५ जून २०२५ रोजी खुला झालेला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा, असे तिन्ही दाखवले. समृद्धीचा सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा डोंगराच्या पोटातून जातो. माझ्या फलकावर तो तुटक रेषा झाला.

२५ जानेवारी २०२६

फलक जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून ठाण्याहून सकाळच्या कसारा लोकलच्या मालडब्यात चढवला. डब्यात दुधाचे रिकामे कॅन परत नेणारे दोघे होते. त्यांनी कॅन सरकवून जागा दिली. कल्याणला गर्दी आत आली आणि ईशान्य कोपऱ्यावर कोणाचा तरी गुडघा बसून वरचे दोन थर सुटले. गोंदाची बाटली जवळ असल्याने खर्डीपर्यंत ते पुन्हा बसवले. अशा प्रवासाला निघताना गोंद, चिकटपट्टी आणि कटर पिशवीत वरच ठेवावेत.

एकूण खर्च ४,१३० रुपये झाला. त्यातील ५५० रुपये चुकीची छपाई, पीओपी आणि फवाऱ्याचा रंग यांत सरळ वाया गेले. दोन सनबोर्डांचे १,३०० आणि तळाच्या प्लायवूडचे ४५० रुपये हा मोठा भाग होता. पंधरा आठवडे गेले. नीट जमले असते तर आठ पुरले असते.

१ फेब्रुवारी २०२६

शाळेत फलक लागून आठवडा झाला. मुलांना पूल आवडला, खेकडा आवडला. पण त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘आमचा पाडा कुठाय?’ शाळेतील बहुतेक मुले ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी कुटुंबांतील असून त्यांचे पाडे लोहमार्गापासून दूर, डोंगरउतारावर आहेत. सर्वेक्षणाच्या नकाशावर तिथे चार काळे चौकोन असतात आणि ते मी रंगाखाली बुजवले होते. करवंदे, जांभळे आणि रानभाज्यांच्या पाट्या घेऊन लोकलने कल्याण–ठाण्याला येणाऱ्या बायका याच पाड्यांवरच्या असतात, त्यामुळे रेल्वेच्या गावाच्या नकाशात त्यांना जागा नसणे ही माझी चूक होती.

मैत्रिणीने रंगीत टाचण्या आणल्या आणि प्रत्येक मुलाने आपला पाडा दाखवला. ज्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो त्यांना लाल टाचणी द्यावी, असे एका मुलीने सुचवले. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे त्यांच्याच शहापूर तालुक्यात आहेत, हे वर्गात त्याच दिवशी शिकवून झाले होते. बावीस टाचण्यांपैकी तेरा लाल लागल्या.

अडचण अशी की, पठाराच्या ज्या भागात थर्माकोल विरघळल्यावर मी फक्त टेकू लावले, तो भाग आतून पोकळ आहे. तिथे टाचणी उभी राहत नाही, कलते आणि दुसऱ्या दिवशी खाली पडलेली सापडते. पुढच्या रविवारी खालचे प्लायवूड उघडून त्या पोकळीत कागदाचा लगदा भरायचा आहे. तो सुकायला निदान चार दिवस लागतील, म्हणून फलक तोवर आडवाच ठेवा, असे शाळेला कळवले आहे. पडलेल्या टाचण्या मैत्रिणीने पाड्यांची नावे लिहिलेल्या पाकिटात घालून ठेवल्या आहेत.